श्रावणातल्या तिसऱ्या

आमच्या घरी श्रावण कॅलेंडरात लागत नाही, माळ्यावर लागतो. सुमन, म्हणजे माझी बायको, माशांची विळी लिंबाच्या सालीने घासते, पुसून फडक्यात गुंडाळते आणि माशांच्या टोपाबरोबर माझ्या हातात देते. ती मालवणकडची, विळीला अजून आडाळोच म्हणते. स्टुलावर चढून तो माळ्यावर सरकवायचा हा माझा मान. गुडघे कुरकुरतात. मुलगा म्हणतो, बाबा, द्या इकडे. मी देत नाही. आज सकाळीही दिला नाही.

खाली उतरलो, हात धुतले आणि हॉलमधल्या काचेच्या टाकीपुढे जाऊन बसलो. आत खारं पाणी, तळाला पांढरी वाळू. त्या वाळूत उजव्या कोपऱ्यात दोन बारीक भोकं असतात, एकमेकांना चिकटून. आधी ती शोधली. होती. मग चहा घेतला. ती दोन भोकं कोणाची आणि एका म्हाताऱ्याने सकाळी उठून त्यांची चौकशी का करायची, हे सांगायचं तर तीन श्रावण मागं जावं लागेल.

टाकी माझ्या सुनेची. मुग्धा चेंबूरची. तिच्या माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, मासळीची तर बातच सोडा. आणि ही मुलगी लग्न होऊन चारकोपला आमच्याकडे आली ती मासे घेऊनच. जिवंत. टेम्पोत मागे टाकी, आणि ही पुढे मांडीवर झाकणाची बादली धरून बसलेली. माझी मेहुणी शालू मुलुंडची, तिची जीभ सुमनच्या विळीपेक्षा धारेची. ती त्या दिवशीच म्हणाली, "खाणाऱ्या घरात पाळणारी इली. बघूया कोण कोणाक सुधारता."

टाकी लहान मुलाच्या पाळण्याएवढी. निळा दिवा, मध्ये भोकाभोकाचे दगड, दोन केशरी पट्ट्यांचे मासे. वरच्या कडेला दोन छोटे पंखे चिमट्याने लावलेले, पाणी थंड राहावं म्हणून. मधल्या दगडावर बदामी रंगाचं एक मऊ पोवळं, तळहाताएवढं, त्याला जाड जाड बोटं. पाणी हललं की बोटं हलतात. मुग्धा त्याला कोरल म्हणते, मी पंजा म्हणतो. दर रविवारी ती पिंपात गाळलेलं पाणी भरते, पुडीतलं मीठ घालते, ढवळते, काचेच्या नळीने खारटपणा बघते. मी म्हटलं, अगं, चारकोपच्या पाठीमागे खाडी पडलीय आणि तू समुद्र पुडीतून काय आणतेस? ती नुसती हसली. तेव्हा आमचं बोलणं तेवढंच होतं. बाबा, चहा. हो, ठेव.

खारं पाणी मला नवं नाही. गावी चौथीपर्यंत शिकलो आणि मुंबईत आलो तो वर्सोव्याच्या बाजूच्या बर्फाच्या कारखान्यात. तिथे जमिनीत मिठाच्या पाण्याचा एवढा मोठा हौद, वर लाकडी फळ्या, फळ्यांवरून आम्ही चालायचो. हौदात गोड्या पाण्याचे डबे सोडायचे, डब्यात बर्फाची लादी धरायची. हौदातलं पाणी गोठणाऱ्या पाण्याहून थंड, पण मीठ असल्यामुळे स्वतः गोठायचं नाही. गारवा यायचा अमोनियाच्या नळांतून. नळ कुठे गळला तर सगळ्यात आधी माझ्या नाकाला कळायचं. होड्यांना जाणाऱ्या लाद्या मी काढल्या, त्या लाद्यांवर पडलेली मासळी अख्ख्या मुंबईने खाल्ली, हे मी कोणालाही ताठ मानेने सांगतो. पण त्या हौदात जिवाचं नाव नव्हतं. मिठाचं पाणी म्हणजे मेलेलं पाणी, असं माझं पक्कं मत होऊन बसलं होतं.

तर त्या वर्षी श्रावणाच्या आदल्या दिवशी सुमनने बाजारातून शेवंती कोळणीकडून तिसऱ्यांचा, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचा, मोठा वाटा आणला. खोबरं खवून झालं, कांदा तव्यावर पडला आणि मुलुंडहून फोन. शालू न्हाणीत घसरली, पाय मोडला. गॅस बंद करून आम्ही उठलो. रात्री पावसाने परतू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तेव्हा श्रावण लागला होता, तोही सोमवार. तिसऱ्या न्हाणीघरात टोपलीत, ओल्या फडक्याखाली, जशाच्या तशा.

सुमनने टोपली उचलून खालच्या मजल्यावर डिसोझाबाईंना देऊन टाकली. त्या लेकीकडे वसईला निघालेल्या, टोपली घेऊनच गेल्या. प्रश्न मिटला म्हणून सुमन फडकं पिळायला बसली, तर फडक्याच्या घडीत मूठभर राहिलेल्या. त्यातल्या एकीने तिच्या मनगटावर पाण्याची बारीक चूळ मारली.

"आता ह्येंका काय करू?" ती बाहेर येऊन म्हणाली. "सोमवारी जीव मारूचो नाय माका."

नितीन, आमचा मुलगा, मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, गटारात टाक. सुमनने त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून आत गेला. ती ओंजळ धरून तशीच उभी. मारता येत नाही, फेकवत नाही. मी म्हटलं, टाकीत सोडू.

मुग्धा त्या दिवशी घरूनच काम करत होती. तिने कानातला हेडफोन काढला.

"नाही, बाबा. एक जरी आत मेली आणि कळलं नाही, तर पाण्यात अमोनिया होतो. सगळं जातं."

"अमोनिया तू मला शिकवतेस? माझी अख्खी नोकरी अमोनियात गेली."

ती हसली नाही. टाकीजवळ गेली आणि काचेवर, पंजासमोर, बोट टेकवलं. "हे माझ्या बाबांच्या टाकीतलं आहे. ते गेले, टाकी मोडली. त्यांच्या हातचं जिवंत असं एवढंच राहिलंय माझ्याकडे."

हे मला ठाऊक नव्हतं. घरात आल्यापासून तिने सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. पण सुमनची ओंजळ तिने पाहिली होती. त्यातली एक शिंपली कडेला जरा फाकली, आतून पांढरी जिभली बाहेर आली, सुमनच्या तळहातावर चाचपली, परत आत गेली. मुग्धा ते बघत राहिली.

"तुम्ही लक्ष ठेवाल? रोज?"

"ठेवीन."

"एखादी गेली तर त्याच क्षणी काढायची. मला विचारायला थांबायचं नाही."

"शब्द दिला," मी म्हटलं. मी शब्द सहसा देत नाही, म्हणून दिलेला मोडायची वेळ आलेली नाही.

तिने त्यांना एकदम आत सोडलं नाही. बादलीत ठेवल्या, टाकीतून एक बारीक नळी काढली, नळीला गाठ मारली आणि थेंब थेंब पाणी बादलीत सोडलं. आजाऱ्याला सलाईन लावतात तसं. इथलं पाणी त्यांना कळू दे, म्हणाली. संध्याकाळी एकेक करून वाळूवर ठेवल्या. मिटलेल्या, मुक्या, खडीच्या तुकड्यांसारख्या. मला वाटलं, झालं, आता ह्या अशाच पडून राहणार.

आमच्या स्वयंपाकघरात तिसऱ्यांचे दोन कायदे आहेत, आईकडून आलेले. विळीवर घेण्याआधी जी उघडी दिसेल ती मेलेली, फेक. शिजवल्यावर जी मिटलेली राहील तीही मेलेली, फेक. जन्मभर ह्या दोन कायद्यांवर जेवलो, कधी पोट बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, टाकीपुढे गेलो, तर सगळ्या उघड्या.

निम्म्या वाळूत शिरलेल्या, निम्म्या वर, आणि एकजात सगळ्या उघड्या. एका रात्रीत सगळ्या गेल्या, आणि बरोबर त्या मुलीच्या बापाची आठवण घेऊन चालल्या. थांबायचं नाही असं ठरलं होतं. बाही वर केली, हात साध्या पाण्याने धुतला आणि टाकीत घातला. पहिलीला बोट लावलं.

ती मिटली.

पाण्यात आवाज आला नाही, पण बोटाला कळलं. टक्कन. वाळूचा एवढासा धुरळा उडाला आणि ती आत. दुसरीला बोट लागलंच नाही, नुसती हाताची सावली पडली, तीही मिटली. मग सगळ्या, एकामागून एक. मी हात काढून घेतला. कोपरापर्यंत भिजलेला, पाणी लादीवर टपकतंय, आणि मी तसाच स्टुलावर. चहा आला, निवला. मग एकीच्या दोन शिंपल्यांमध्ये दोऱ्याएवढी फट दिसली.

त्या फटीतून दोन नळ्या बाहेर आल्या. तोंडाशी त्यांना झालर, केशरी आणि तपकिरी, इतकी बारीक की आंब्याच्या मोहराचा एक तुरा नखावर ठेवल्यासारखी. पाण्यात कचऱ्याचा एक कण तरंगत होता, तो एका नळीकडे सरकत गेला आणि आत ओढला गेला. दुसऱ्या नळीसमोरची वाळू हळूहळू थरथरत होती. एकीतून घ्यायचं, दुसरीतून सोडायचं. डोळे नाहीत, तोंड म्हणावं असं तोंड नाही, आणि तरी ते चाललं होतं, कोणी बघो न बघो. मी सत्तरी ओलांडलेला माणूस. ह्यांचं कालवण, सुकं, आमटी, सगळं खाल्लं. शिंपल्यांचे ढीग परसात माझ्या उंचीएवढे पाहिले. पण उघडी तिसरी, जिवंत, मी पहिल्यांदा पाहत होतो.

आईला मी ओहोटीला खाडीत पाहिलंय. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, कमरेला टोपली, आणि ती चिखलात पाय फिरवत चाललीय, नाचल्यासारखी. तिसऱ्या डोळ्यांनी शोधत नाहीत, टाचेने शोधतात. टाचेखाली टणक लागलं की वाकायचं. मी तिच्या मागे मागे. पाणी गढूळ, माझी पोटरी दिसायची नाही त्यात. त्या गढूळ पाण्याखाली ह्या सगळ्या अशाच झालरी उघडून बसलेल्या असणार, आणि आमचा पाय पडला, सावली पडली की मिटत असणार. म्हणजे मी जन्मभर ज्यांना मिटलेलं पाहिलं, त्या मला बघूनच मिटल्या होत्या. हे मला चारकोपच्या तिसऱ्या मजल्यावर कळलं. आईला कधी कळलं असेल का? तिच्या पायांना बहुतेक ठाऊक असावं.

मुग्धा ऑफिसला निघाली तेव्हा मी तिला थांबवलं. म्हटलं, जिवंत असल्या की उघड्या असतात. ती म्हणाली, हो बाबा, मिटून त्या खाणार कशा? इतकं सोपं. चप्पल घालता घालता म्हणाली आणि गेली.

त्यानंतर माझा श्रावण त्या स्टुलावर गेला. सुमन सोमवारी उपास करायची, शनिवारी करायची, शुक्रवारी जिवतीची पूजा. मी टाकीपुढे. ती म्हणायची, "माझे उपास देवासाठी, तुमचे कोणासाठी?" बाहेर पाऊस पत्र्यावर वाजायचा आणि आत ती निळी शांतता. वाळूत शिरताना तिसरी आपली पांढरी जीभ खाली खुपसते, जीभ टोकाला फुगवते, आणि त्या फुगवट्याला धरून स्वतःला खाली ओढून घेते. थोडं थांबते, परत ओढते. तिला कोणी शिकवलं? बर्फाच्या कारखान्यात लादी वर खेचायला आम्हाला क्रेन लागायची.

रोज सकाळी मी टाकीचा वास घ्यायचो. मुग्धाची रीत निराळी. छोट्या बाटलीत टाकीचं पाणी, त्यात थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर अमोनिया. मी म्हणायचो, माझं नाक त्या बाटलीच्या आधी सांगेल. ती म्हणायची, बरं बाबा, दोन्ही ठेवू.

मग तिसऱ्या मंदावल्या. उघडायच्या उशिरा, झालर पूर्वीसारखी बाहेर येईना. मी मुग्धाला दाखवलं. ती बराच वेळ बघून म्हणाली, "पाणी फार स्वच्छ आहे. ह्यांना खायला काही नाही." मला ते पटेना. आपण सगळे जन्मभर स्वच्छ पाण्यामागे धावलो, आणि स्वच्छ पाण्यात कोणी उपाशी मरतं? काहीतरी शोधते, म्हणून ती कामाला गेली.

आमच्या कोकणात ज्याला अन्न जात नाही त्याला पेज देतात. तापातून उठलेल्याला, बाळंतिणीला, म्हाताऱ्याला. दुपारी माझ्यापुढे पेज होती. वरचं निवळ घेतलं, फडक्यातून गाळलं आणि प्रेमाने टाकीत सोडलं. चमच्याने सुरुवात केली, मग वाटीही ओतली. संध्याकाळपर्यंत पाणी धुरकट. मी वास घेतला. नाकाने सांगितलं, काही नाही. मुग्धा आली, तिने थेंब टाकले, बाटली हिरवी झाली. जे नाक कारखान्यात कधी चुकलं नव्हतं ते घरात चुकलं.

तिने पिंपातलं पाणी बादलीने आणून बदललं, आणि दुसऱ्या दिवशी परत बदललं. पंजाने बोटं आत ओढून घेतली, मुठीएवढा झाला, कितीतरी दिवस उघडला नाही. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर मी उलट बोललो असतो आणि विषय संपला असता. शेवटी एकदा मीच स्टुलावरून म्हटलं, पेज वाईट नसते. ती म्हणाली, "पेज वाईट नाही, बाबा. पण ह्यापुढे मला विचारल्याशिवाय टाकीत काही जाणार नाही." मी म्हटलं, नाही जाणार. पेजेबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण शब्द वेगळा.

मग हिरवं पाणी आलं. अशाच टाक्या पाळणाऱ्या तिच्या ओळखीच्या कोणाकडून तिने एक बाटली आणली आणि गॅलरीत तिच्या तीन केल्या. डोळ्यांना दिसणार नाही एवढं शेवाळ त्यात वाढतं. बाटल्या रोज हलवायच्या, नाहीतर ते तळाला बसतं. हे काम माझं. तो रंग पाहिला आणि मला खाडी आठवली, भरतीची, श्रावणातलीच. चमचाभर हिरवं पाणी टाकीत गेलं की तिसऱ्या अशा उघडायच्या की झालरी शिंपल्याबाहेर सांडायच्या. दुपारपर्यंत पाणी परत काचेसारखं. एवढीशी ती, पाळणाभर पाणी पिऊन, चाळून, निर्मळ करून परत सोडते. मुंबईच्या खाड्यांत असे किती जीव हे काम करत बसलेत, आणि आपण पुलावरून नाक दाबून जातो.

श्रावण संपला. एकही गेली नव्हती. सुमनला वाटत होतं की आता गणपती झाले की मी त्या काढून देईन. बोलली नाही, पण एकदा टाकीत डोकावून "बऱ्या भरल्यात" म्हणाली, आणि ते कोणत्या अर्थाने ते मला कळलं.

आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. मखर हॉलमध्ये, टाकीच्या शेजारी, दुसरी जागा नाही. पाहुण्यांनी घर भरलं. शालू काठी टेकत मुलुंडहून आली. आत मुग्धा आणि सुमन मोदक वळत होत्या. उकाडा असा की पावसाळा संपायच्या आधीच आश्विन लागल्यासारखा. मी शेजाऱ्यांकडे प्रसादाची ताटं पोचवून वर आलो, तर हॉलमध्ये सगळे टाकीकडे तोंड करून उभे. मी आत पाऊल टाकलं तशी सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

टाकी पांढरी झाली होती. पेजेसारखी.

"काय भावोजी," शालू म्हणाली, "बाप्पाक एकवीस मोदक, आणि तिसऱ्यांका काय वाढलात?"

पाहुणे हसले. नितीन हसला नाही. "बाबा, परत?"

"मी काही घातलेलं नाही."

"मग कोणी घातलं?"

सुमन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिचं ते मान खाली घालणं मला शालूच्या बोलण्याहून जास्त झोंबलं. मी एक गोष्ट दोनदा सांगत नाही. रिकामं ताट हातात धरून भिंतीला टेकून उभा राहिलो. त्या पांढऱ्या पाण्यात पंजा दिसत नव्हता. एवढंच डोक्यात होतं, की तिच्या बापाचं ते एवढंसं, आणि ते माझ्या पहाऱ्यात.

मुग्धा बाहेर आली. हाताला मोदकाची उकड चिकटलेली. तिने आधी टाकी पाहिली, मग मला.

"बाबा, तुम्ही काही घातलंत?"

"नाही."

ती नितीनकडे वळली. "बाबा नाही म्हणाले म्हणजे नाही." आणि तशीच गुडघ्यांवर बसली, काचेला गाल लावून. मग ती म्हणाली, "बाबा, या. खाली बसा इथे."

मला खाली बसायला वेळ लागतो. बसलो. तिने उकडीचं बोट काचेवर ठेवलं, वाळूच्या अगदी जवळ. तिथे एक तिसरी होती, पुरती उघडी, आणि तिच्या एका नळीतून पांढरा धूर निघत होता. सरळ, बारीक, न थांबता. मखरापुढे उदबत्ती जळत होती, तिचा धूर वर जात होता, आणि काचेच्या आत हा असा. वर जाऊन पसरायचा आणि पाण्यात मिसळायचा. ती थांबली तशी पलीकडची सुरू झाली. मग तिसरी. एकीचं कळलं की दुसरीला सुचत होतं.

"बीज सोडतायत," मुग्धा हळूच म्हणाली. "नर पांढरं सोडतात, माद्या अंडी. सगळं पाण्यातच."

मी हात जोडले की नाही ते मला आठवत नाही. शालूने जोडलेले मी पाहिले, काठी काखेत धरून. ती कोणाला हात जोडत होती, बाप्पाला की टाकीला, ते तिचं तिला ठाऊक. फडक्यात मूठभर राहिलेल्या त्या, विळीखाली जायच्या, वसईला जायच्या, गटारात जायच्या. आणि इथे, पुडीतल्या समुद्रात, कोणाच्या तरी घरच्या गणपतीला, त्यांना वाटलं की आता जग पुढे चालवावं.

सुमन माझ्यामागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाप्पा घरात, नि तुमच्या टाकीयेत बाळंतपण." तेवढ्यात मुग्धाचा हात पाण्याला लागला आणि ती दचकली. पाणी कोमट. वर पाहिलं, तर दोन्ही पंखे बंद. सुमनने सकाळीच बंद केले होते. पंख्यांच्या वाऱ्याने समई विझत होती. पाणी तापलं आणि तिसऱ्यांना वाटलं, ऋतू बदलला.

मग धावपळ. शालूने स्वतः समई मखराच्या पलीकडच्या बाजूला हलवली. पंखे सुरू झाले. नितीन पिंपातून बादल्या भरून आणू लागला. एक बादली माझ्या हातात देताना क्षणभर थांबला, तेवढंच. आमच्यात माफी त्याहून लांब होत नाही. मुग्धाने थेंब टाकले. आम्ही सगळे त्या छोट्या बाटलीकडे बघत होतो. पिवळं राहिलं. आरती तेवढी लांबली, बाप्पाने काही म्हटलं नाही.

पाणी निवळत गेलं तसा पंजा दिसू लागला. मी आधी ओळखलाच नाही. सगळी बोटं ताणलेली, दुप्पट लांब, आणि बोटाबोटावर बारीक बारीक फुलं, आठ पाकळ्यांची, शेकड्यांनी. पाण्यातलं ते बीज तो टिपत होता, एकेक कण. मुग्धा लादीवर बसून राहिली. उकड हातावर वाळली तरी उठली नाही.

"माझ्या बाबांनीसुद्धा हे इतकं उघडलेलं पाहिलं नसेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाहून आल्यावर मी तिला विचारलं, ते सगळं बीज गेलं कुठे? ती म्हणाली, थोडं बदललेल्या पाण्याबरोबर गेलं, बाकीचं कोरलने खाल्लं, दगडातल्या जिवांनी खाल्लं, जगणारं त्यात काही नव्हतं. मी म्हटलं, म्हणजे श्रावणभर सांभाळून शेवटी कोणीतरी खाल्लंच की. ती हसली, चांगली मोठ्याने. त्या दिवसापासून आमचं बोलणं चहापुरतं राहिलेलं नाही.

त्या तिसऱ्या सुमनने मागितल्या नाहीत. पुढे त्या एकेक करून गेल्या, आपापल्या वेळेने. गेलेली मला कळायची. ती उघडीच असते, पण सावली पडली तरी मिटत नाही. दिलेल्या शब्दाप्रमाणे प्रत्येक वेळी काढली, पाणी बिघडू दिलं नाही. आता एकच उरलीय. पुरती वाळूत गेलीय, दोन भोकं तेवढी दिसतात.

मी तिसऱ्या सोडलेल्या नाहीत, कोणाचा तसा समज नको. खातो, आवडीने खातो. कालही खाल्ल्या, श्रावणाच्या आधीच्या शेवटच्या. फक्त आता आमच्या घरी विळी काढायच्या आधी एक होतं. सुमन मोठ्या परातीत तिसऱ्या पसरते. मुग्धा रविवारच्या पिंपातलं खारं पाणी आणून त्यावर ओतते. आम्ही सगळे लादीवर बसतो, परातीवर सावली पडणार नाही असे, भिंतीला पाठ लावून. कोणी बोलत नाही. काल नितीन काहीतरी सांगायला लागला तर सुमननेच त्याला गप्प केलं, ज्या सुमनचं वाटण पाट्यावर वाट बघत होतं. मग एक फट दिसते. मग दुसरी. थोड्या वेळात अख्खी परात उघडते, झालरीच झालरी, आणि स्वयंपाकघरात खाडीचा वास येतो. वाळू सुटायला बरी, असं सुमन शेजारणींना सांगते. सुटतेही. त्या उघडल्या की मुग्धा उठून आपल्या खोलीत जाते आणि सुमन विळी पुढे ओढते. एवढं आम्हाला एकमेकांचं कळतं.

आज विळी माळ्यावर गेली. गॅलरीतली हिरवी बाटली हलवली. मुग्धा आत आंघोळीला जायच्या घाईत होती. मी स्टुलावरून विचारलं, चमचाभर घालू का?

"घाला, बाबा."

घातलं. हिरवा धूर पाण्यात पसरला, वाळूपर्यंत खाली उतरला. दोन भोकांच्या कडा हलल्या, झालर वर आली. खिडकीतून ऊन येत होतं आणि माझी सावली नेमकी त्या कोपऱ्यावर पडत होती. मी स्टूल उचललं आणि बाजूला बसलो.